थंड दिवा

ट्रूडाने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने स्प्रिंग दाबून धरली, दुसऱ्या हाताने शेवटचा स्क्रू काढला आणि बंदुकीच्या गिअरबॉक्सचं झाकण अलगद उचललं. स्प्रिंग जागची हलली नाही. वर्षातून एकदा तरी ती बया सुटते आणि तळघरातल्या बटाट्यांच्या पोत्यामागे जाऊन बसते. मग बसा गुडघ्यांवर रांगत. आज तेवढं तरी नशीब धड होतं.

"काढ ते तुझं सर्किट," एर्विन दारातूनच म्हणाला. "काढ आणि तुझं तुला ठेव. चांगली वस्तू आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

"आत या ना, एर्विनकाका. बसा तरी."

"नको. हिल्डा वाट बघत असेल."

हिल्डा कुठली वाट बघतेय! मंगळवारी दुपारी चार वाजता ती बहिणीकडे कॉफीला असते, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. पण ट्रूडाने त्याला खोटं पाडलं नाही. एकसष्ट वर्षांचा, दारात जेमतेम मावणारा माणूस, टोपी कपाळावर ओढून आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा होता. बंदूकसुद्धा त्याने टॉवेलात गुंडाळून काखेत मारून आणली होती, हातात धरली नव्हती.

"निदान काय बिघडलंय ते बघू द्या."

"बिघडलंय ते तिथे नाही." त्याने उजवा हात खिशातून काढून तिच्यासमोर धरला आणि लगेच परत आत घातला. "हे बिघडलंय. नाचता येईना आणि अंगण वाकडं, असं मी म्हणणार नाही."

आमच्याकडे रविवारी सकाळी निम्मी वस्ती चर्चमध्ये असते आणि उरलेली निम्मी बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यात एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडत असते. काही पुण्यवान माणसं आधी पहिलं उरकून मग दुसरीकडे जातात. एर्विन त्यांतला. बंदुका दिसायला अगदी खऱ्या, पण आत बॅटरी, मोटर आणि स्प्रिंग. गोळी मिरीच्या दाण्याएवढी. ती रंग सोडत नाही, खूण ठेवत नाही, त्यामुळे कोण मेलं हे सांगायला पंच नसतो. ज्याला लागली त्याने स्वतःच हात वर करायचा, 'लागली!' म्हणून ओरडायचं आणि पुढच्या डावापर्यंत बाहेर जाऊन बसायचं. सगळा खेळ माणसाच्या शब्दावर. लबाड असतात, नाही असं नाही. पण त्यांना कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. एर्विन बरोबर उलट्या टोकाचा. बावीस वर्षं खाणीत ड्रिल मशीन धरून त्याच्या बोटांतली जाण गेलेली. थंडीत ती पांढरीफटक पडायची. हातावर गोळी बसली तरी आपल्याला कळणार नाही, म्हणून जवळून नुसता आवाज गेला तरी तो हात वर करायचा. "लागली असेल," म्हणायचा. "नसली तर देव बघून घेईल."

पुढे पुढे त्याला चाप ओढणंही जमेना, तेव्हा ट्रूडाने त्याच्या बंदुकीत आपलं सर्किट बसवून दिलं होतं. साध्या बंदुकीत चाप ओढला की तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, ठिणगी उडते आणि मोटर फिरते. पट्ट्या काळ्या पडत जातात आणि दर वेळी बोटाला जोर लागतो. ट्रूडाच्या सर्किटात पट्ट्याच नाहीत. एका बाजूला मोहरीएवढा दिवा, त्याचा प्रकाश माणसाला दिसत नाही. समोर तो प्रकाश पाहणारा तेवढाच डोळा. आणि मधे आडवं आलेलं चापाचं शेपूट. चाप जरासा हलला की शेपूट सरकतं, डोळ्याला प्रकाश दिसतो, मोटर फिरते. फुंकर मारावी एवढा जोर पुरतो. बसवून दिलं त्या दिवशी एर्विन याच तळघरात, याच स्टुलावर बसून चाळीस वेळा चाप ओढत राहिला होता. "अगं, ही तर नुसती विचार केला तरी सुटते!" म्हणाला होता. तेव्हा दोघं हसली होती.

आणि गेल्या रविवारी, ऐन डावात, त्याची बॅटरी संपली. पडक्या भिंतीआड बसून त्याने बंदुकीवरचं लांब झाकण काढलं, त्याखालच्या खाचेत नवी बॅटरी ठेवली, आणि उजव्या हातात बंदुकीची मूठ, एक प्लग दातांत, दुसरा डाव्या हातात असा जोडला. सगळे असाच जोडतात. त्याच क्षणी बंदूक सुटली. तो प्लग परत उपसेपर्यंत तीन गोळ्या. दोन विटांवर, तिसरी नॉर्बर्टच्या डाव्या भुवईवर. नॉर्बर्ट म्हणजे संघाचा म्होरक्या, एरवी ट्राम चालवतो. वाफ धरलेला संरक्षक चष्मा पुसायला त्याने नेमका तेव्हाच वर उचलला होता, जे मैदानात कुणी म्हणता कुणी करायचं नसतं. दोन टाके पडले. बोटभर खाली बसली असती तर डोळा गेला असता.

"नॉर्बर्ट काय म्हणतो?" ट्रूडाने विचारलं.

"म्हणतो, चष्मा मी काढला, चूक माझी. चांगला पोरगा आहे. दोनदा फोन आला त्याचा. मी उचलला नाही."

"का हो?"

"काय बोलू? 'काका, चाप ओढला गेला का?' असं विचारेल. मला माहीत नाही, ट्रूडे. ओढला की नाही, तेच मला माहीत नाही." तो जमिनीकडे बघत होता. "आपलंच बोट काय करतंय ते माणसाला कळत नसेल, तर त्याने घरात बसावं."

"आणि सेफ्टीची दांडी? वर होती ना?"

"वर केली होती. केली असणार. खटका बसला की नाही ते बोटाला कळत नाही ना गं."

"सर्किटचीही चूक असू शकते."

यावर तो पहिल्यांदा हसला, तेही कसंनुसं. "पंधरा वर्षं तुझ्या खिडकीतून गॅसचं यंत्र घेऊन खाली उतरलो. एकदा तरी तपासून घेतलं का मी? तुझ्या हातचं यंत्र चुकत नाही, पोरी. देव भलं करो."

खाणकामगार एकमेकांना 'देव भलं करो' म्हणत निरोप घेतात, तसाच निरोप घेऊन तो जिना चढून गेला. खाण बंद होऊन सहा वर्षं झाली, पण शब्द सुटत नाहीत.

ट्रूडा खाणीच्या दिवाघरात गॅस मोजायच्या यंत्रांची दुरुस्ती करायची. दर पाळीला चारशे माणसं तिच्या खिडकीतून यंत्र उचलून, गळ्यात अडकवून, लिफ्टकडे जायची. तिथल्या सवयीनेच ती कामाला लागली. गिअरबॉक्स उघडा ठेवून तिने चाप ओढला, शंभर वेळा. मग झाकण लावून शंभर वेळा. बॅटरी काढून-जोडून पन्नास वेळा. दातांत प्लग धरूनसुद्धा पाहिलं, तोंडाला तेलकट चव आली तेवढीच. बहिणीने नाताळात दिलेल्या टेबलाच्या नव्या दिव्याचा लख्ख पांढरा उजेड पडला होता. त्या उजेडात ग्रीजचा कण न् कण दिसत होता. डोळा स्वच्छ, तारा कुठे चेपलेल्या नाहीत, सोल्डरचे ठिपके घट्ट. बंदूक एकदाही आपोआप सुटली नाही.

सर्किट निर्दोष आहे म्हटल्यावर तिला हुश्श झालं. या हिवाळ्यात तिने अशी बारा सर्किटं बनवली होती. एक एर्विनला दिलं, बाकीची अकरा बितोमपासून पार ओपोलेपर्यंत गेली होती. बारा जणांच्या काळजीतून ती सुटली. जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच शरम वाटली. सर्किट निर्दोष, याचा अर्थ बोट दोषी. एवढा अर्थ लावायला इंजिनियर लागत नाही.

तिने ते सर्किट काढलं मात्र नाही. चापाचा ताण थोडा वाढवला, बंदूक पुन्हा बंद केली आणि शनिवारची वाट बघत बसली. समजावून बघू, असं तिने ठरवलं. चाप थोडा जड झाला की चुकून ओढला जायची भीती कमी. म्हातारा हट्टी आहे, पण ऐकेल.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. ट्रूडा एर्विनकडे गेली तेव्हा त्याची बायको हिल्डा फाटकाशीच भेटली, हातात पीठ लागलेली चाळणी. तिने ट्रूडाच्या काखेतला टॉवेल पाहिला आणि आवाज खाली आणला.

"बंदूक आणलीस? बरं केलंस की वाईट, मला कळत नाही बघ. तो आहे कबुतरांपाशी. नुसता बसलाय."

"बोलतात का काही?"

"बोलायला काय झालंय! हात लावत नाही कशाला. कॉफीचा कप हातात धरत नाही, टेबलावर ठेवूनच वाकून पितो, मांजरासारखा. गुरुवारी पोरीची पोर आली, आजोबा आजोबा करत अंगावर चढायला लागली, तर हे हात पाठीमागे! म्हणतो, जास्त दाबलं गेलं तर? दीड वर्षाचं लेकरू, केवढं रडलं." हिल्डाने चाळणी कमरेला टेकवली. "आणि आता ती पिल्लं. आईला ससाण्याने नेलं, दिवा लावून जगवलीत कशीबशी. आज आठवा दिवस. आज पायात कडी चढली नाही तर उद्या पाऊल मावायचं नाही त्यात. बिनकडीचं कबूतर शर्यतीत कोण घेतं? आपल्या सगळ्यात चांगल्या मादीची पिल्लं, आणि हा नुसता बघत बसलाय. मला म्हणतो, तू चढव. मी? मला मेलं उंदराचं पिल्लू धरल्यासारखं वाटतं!"

कबुतरांचं लाकडी घर बागेच्या टोकाला होतं. आत धान्याचा आणि पिसांचा वास. वरच्या फळ्यांवर तीस-एक पक्षी घुमत होते आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एका खोक्यात, लाल तापत्या दिव्याखाली, दोन पिवळट केसाळ गोळे एकमेकांना चिकटून पडले होते. शेजारी बशीत ॲल्युमिनियमच्या दोन कड्या. एर्विन धान्याच्या पोत्यावर बसला होता. हात मांड्यांखाली.

"काढलंस?" त्याने विचारलं.

"नाही." ट्रूडाने बंदूक टेबलावर, खोक्याशेजारी ठेवली. "आधी ऐका. अडीचशे वेळा तपासलं मी. एकदाही आपोआप सुटली नाही. चाप थोडा जड करून दिलाय, आता चुकून—"

ती मधेच थांबली. एर्विनचा चेहरा तिने पाहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"तसं नाही म्हटलं मी."

"अडीचशे वेळा म्हणतेस ना. मग मीच. बरं झालं, नक्की कळलं." त्याने मान हलवली, एकदा, दोनदा. "मनात कुठेतरी होतं गं. म्हटलं, असेल काही तारेबिरेत. माणूस मेला आशाळभूत असतो."

ट्रूडाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. समजूत काढायला निघाली होती आणि पुरावा घेऊन आली होती. आता ती हाताने करायचं ते करत राहिली, तिची ती जुनीच सवय. बंदुकीवरचं लांब झाकण काढलं. गोळ्या नव्हत्याच, तरी नळी भिंतीकडे केली. सेफ्टीची दांडी वर ढकलली, खटका वाजला. बॅटरी खाचेत ठेवली.

"ताण किती ठेवलाय ते दाखवते फक्त. नको असेल तर इथेच काढते," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी प्लग जोडला.

ट्र्र्र्र्र!

तीस कबुतरं एकदम उडाली. पिसं, धूळ, पंखांचा फडफडाट. बंदूक टेबलावर थरथरत सरकत होती. ट्रूडाने प्लग उपसला. आवाज थांबला. एक पीस हळूहळू खाली येऊन एर्विनच्या गुडघ्यावर बसलं.

"मी हात लावला नाही," एर्विन म्हणाला. शाळेतल्या पोरासारखे त्याने दोन्ही हात मांड्यांखालून काढून वर धरले होते.

"दिसलं मला."

"तूसुद्धा लावला नाहीस. चापाला."

"नाही."

"दांडी?"

ट्रूडा वाकली. तिने बघितलं, मग बोट लावून बघितलं. "वर आहे, एर्विनकाका. सेफ्टीवर आहे."

तिने पुन्हा प्लग जोडला. ट्र्र्र्र्र. काढला. मग तिची नजर बंदुकीवरून खोक्यावर गेली, खोक्यावरून लाल दिव्यावर, आणि तिथेच थांबली. काही न विचारता तिने एर्विनच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि उघड्या बंदुकीवर पालथी घातली. प्लग जोडला. शांत. टोपी उचलली. ट्र्र्र्र्र. टोपी ठेवली. शांत. मग बंदूक तशीच जोडलेली घेऊन ती दारात गेली आणि उन्हात धरली. टोपी काढताच बंदूक पुन्हा गरजली, आणि बागेतून हिल्डा ओरडली, "अरे, काय चाललंय काय तिकडे?"

 ट्रूडाने बॅटरी काढून खिशात टाकली आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. 

"सांग," एर्विन म्हणाला. "मला कळेल असं सांग."

"माझ्या सर्किटातला डोळा आहे ना, तो आपल्यासारखा बघत नाही. तापणाऱ्या दिव्यातून उजेडाबरोबर जे बाहेर पडतं, आपल्याला दिसत नाही, ते त्याला दिसतं. उन्हात ते भरपूर. तुमच्या या दिव्यात भरपूर. झाकण काढलं की वरच्या फटीतून ते आत जातं, आणि डोळ्याला वाटतं चाप ओढला."

"आणि तुझ्या तळघरात?"

"माझा जुना दिवाही तापायचा. पहिलंच सर्किट केलं तेव्हा ते त्याच्याखाली असंच आपोआप सुटलं होतं. म्हणून मी डोळ्याभोवती काळं व्हार्निश लावायचे, प्रत्येकाला. या हिवाळ्यात नवीन प्रकारचे डोळे मागवले, वॉर्साहून. म्हटलं, बघू या व्हार्निशशिवाय चालतात का. तपासले. एकदाही सुटले नाहीत. मग व्हार्निश सोडून दिलं. नाताळात दिवा बदलला होता, एर्विनकाका. नवा दिवा तापतच नाही. थंड आहे. त्याच्याखाली मी हजार वेळा तपासलं असतं तरी कळलं नसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा असा."

"आणि दांडी वर असूनसुद्धा?"

"दांडी चापाला अडवते. डोळ्याला नाही अडवत. त्याचा मी विचारच केला नाही."

वर कबुतरं पुन्हा फळ्यांवर येऊन बसत होती, एकेक करून, कुरकुरत. ट्रूडाने उजवा हात डोक्याच्या वर नेला. विटांच्या कारखान्यात नेतात तसा, सरळ, सगळ्यांना दिसेल असा.

"लागली," ती म्हणाली.

एर्विन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांतून काहीतरी सुरू झालं. ते हसू आहे की रडू, हे तिला आधी कळेना. दोन्ही होतं. त्याने दोन्ही पंजांनी चेहरा पुसला, धान्याचा भुसा गालांना लागला, आणि तो हसतच राहिला.

"पुन्हा सांग."

"काय?"

"मी नाही, ते."

"तुम्ही नाही. तुमचं बोट तिथे नव्हतंच. दांडी वर होती, तुम्हीच केली होती. तुमच्या हातांनी सगळं बरोबर केलं होतं."

"हात बरोबर होते," तो म्हणाला. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, खूप दिवसांनी कुणी पाहुणे यावेत तसे. "अरे देवा. सहा रात्री झोपलो नाही मी. तुझी चूक निघाली म्हणून इतकं बरं वाटतंय, ट्रूडे, इतकं बरं वाटतंय! माफ कर हं, पोरी."

"हसा खुशाल. माझ्या वाटणीचंही हसून घ्या."

तिला स्वतःला हसू येत नव्हतं. अकरा. बितोम, झाब्झे, ओपोले. उद्या रविवार, ऊन असंच पडणार, अकरा माणसं कुठल्या ना कुठल्या भिंतीआड बसून बॅटरी बदलणार. नॉर्बर्टच्या भुवईवर भागलं होतं. "पंधरा वर्षं म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या हातचं चुकत नाही म्हणालात."

"म्हणालो. चूक बोललो. चुकतं." एर्विन पोत्यावरून उठला. "पण चुकलं तर हात वर करतेस. खाली उतरणाऱ्याला तेवढं पुरतं. आता खाली घे तो, दुखेल."

हात अजून वरच आहे हे तिला तेव्हा कळलं.

"पाच मिनिटं बाहेर बस. मग परत खेळात ये," तो म्हणाला. "नाही, थांब. आधी हे. उद्या मावायचं नाही."

त्याने खोक्यात हात घातला.  जाडजूड, डाग पडलेली बोटं त्या पिवळट केसाळ गोळ्याखाली शिरली आणि तो वर आला, मान लटलटवत, डोळे नुकते कुठे किलकिले झालेले. एर्विनने तो तिच्या ओंजळीत दिला.

"धर."

"माझे हात कापतायत, एर्विनकाका."

"दिसतंय. धर. मी आहे ना."

पिल्लू ऊन ऊन होतं. त्याचं काळीज तिच्या तळव्यावर भराभर टकटकत होतं, की तिचंच, कुणास ठाऊक. एर्विनने बशीतली कडी चिमटीत उचलली. दोनदा ती निसटली. त्याने शिवी घातली नाही, पुन्हा उचलली. पिल्लाच्या पायाची पुढची तीन बोटं एकत्र करून त्यांतून कडी सरकवली. त्याच्या स्वतःच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून तो नाक पिल्लाला टेकेल इतका वाकला होता आणि प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघून करत होता. पिल्लाचं मागचं बोट कडीखाली दबलं, तेव्हा त्याने काडेपेटीतली एक काडी घेतली आणि तिच्या टोकाने ते हळूच सोडवलं. पिल्लाने चूं सुद्धा केलं नाही. कडी घोट्यावर सैल फिरली.

"झालं," तो म्हणाला. "दुसरं दे."

दुसऱ्याच्या वेळी कडी एकदाच निसटली.

तोवर हिल्डा दारात येऊन उभी राहिली होती, हाताचं पीठ एप्रनला पुसत. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, बशी रिकामी होती.  "कॉफी ठेवलीय," एवढंच म्हणाली आणि नाक ओढलं.

ट्रूडा फोन घेऊन बागेतल्या बाकावर बसली. अकरा नावं तिला पाठ होती. पहिला लावण्याआधी एर्विन आतून ओरडला, "नॉर्बर्टचा तू लावू नकोस. तो मी लावणार आहे."

"बरं."

"आणि ते सर्किट काढायचं नाही. काळं फास आणि परत बसव. आणि दांडीचंही काहीतरी बघ."

"बघते." पलीकडे कुणीतरी फोन उचलला. ट्रूडा ताठ बसली. "हॅलो, ट्रूडा बोलतेय. आधी बंदुकीतली बॅटरी काढून ठेव, मग ऐक. हो, आत्ताच. मी थांबते."

ती थांबली. उघड्या दारातून तिला आतलं दिसत होतं. पिल्लांना गार वाटेल, खोक्यात ठेव, असं हिल्डा दोनदा म्हणाली होती. एक खोक्यात गेलं होतं. दुसरं एर्विनने अजून तळहातावरच धरलं होतं, दिव्याखाली.